खाणावळीचा हिशोब

पैसे मोजून पोटभर जेवण्याची रीत महाराष्ट्रात फार जुनी नाही. बाजारात भडभुंजे होते, हलवाई होते, लष्करी तळांच्या आसपास भटारखाने होते. पण भाजी-पोळी, वरण-भाताचे ताट विकत घेणे ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेकांना परकीच होती. शिजवलेले अन्न विकू नये, हा समज खोल रुजलेला होता. वाटसरू धर्मशाळेत उतरे, शिधा घेई आणि तीन दगडांच्या चुलीवर स्वतःच रांधून खाई. क्षेत्राच्या गावी अन्नछत्रे असत. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण मुलगा माधुकरी मागे किंवा वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वार भरले की त्याची चिंता मिटे. या साऱ्या व्यवस्थेचा आधार जात, नाते आणि पुण्य हा होता. खाणावळ आली ती महिन्याचा हिशोब घेऊन, आणि तिची पुढची सगळी वाटचाल या हिशोबानेच ठरवली.

तिचा खरा विस्तार झाला तो मुंबईच्या गिरण्यांमुळे. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव हा सारा पट्टा चिमण्यांनी भरून गेला आणि त्याला गिरणगाव हे नाव पडले. कामाला माणसे आली ती रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या जिल्ह्यांतून, आणि बहुतेक एकटीच आली. बायको-मुले, म्हातारे आईबाप आणि जमिनीचा तुकडा गावीच राहिला. 1921 च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रिया पाचशेच्या थोड्याच वर होत्या, हा आकडा त्या शहराबद्दल पुष्कळ काही सांगतो. एका गावची माणसे मिळून एक खोली भाड्याने घेत. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे तिथेच पथारी पसरत. अशा खोलीत ट्रंक ठेवायला जागा मिळे, चुलीला मिळत नसे. बारा तास यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला स्वयंपाकाची ताकदही उरत नसे. याच गरजेतून चाळीतल्या खाणावळी उभ्या राहिल्या.

या खाणावळीला बहुधा पाटी नव्हती. शेजारच्या खोलीत सहकुटुंब राहणारी एखादी बाई गावच्या दोन-चार माणसांचे जेवण करू लागे, हळूहळू ही संख्या दहा-वीसवर जाई आणि ती ‘खाणावळवाली’ म्हणून ओळखली जाऊ लागे. कुणी विधवा असे, कुणाचा नवरा आजारी किंवा बेकार असे, कुणाच्या घरात एका पगारात भागत नसे. दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची खोली, तिच्यातच मोरी, चूल, पिठाचे डबे आणि स्वतःचा संसार. पहाटे चारच्या सुमारास चूल पेटे, कारण सकाळच्या पाळीच्या भोंग्याआधी भाकरी-भाजीचे डबे तयार हवेत. दुपारच्या सुट्टीत काही खाणावळींतून डबे थेट गिरणीच्या दरवाजापर्यंत जात. पाळी सुटली की माणसे तुकड्यातुकड्याने जेवायला येत. खोलीत एका वेळी पाच-सहांची पंगत बसे, बाकीचे चाळीच्या गॅलरीत थांबत. शेवटची पाळी जेवून जाईपर्यंत बाईला मध्यरात्र होई, आणि उष्टी काढून भांडी घासायचे काम त्यानंतरचे.

जेवण गावासारखेच असे, कारण रांधणारी आणि जेवणारे बहुधा एकाच तालुक्यातले. घाटावरच्या खाणावळीत ज्वारी-बाजरीची भाकरी, पिठले, कडधान्याची उसळ आणि ठेचा. कोकणातल्यांच्या खाणावळीत उकडा भात, सुके बोंबील, सुकट, स्वस्त झाले तर तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले. आठवड्यातून एकदा, शक्यतो रविवारी, मटण. श्रावणात वशाट बंद. एका चाळीच्या दोन मजल्यांवर दोन जिल्ह्यांच्या चवी नांदत, आणि महाराष्ट्रातल्या प्रांतिक पाककलेची मुंबईला जी ओळख झाली तिची सुरुवात मोठ्या हॉटेलांत नव्हे, तर या खोल्यांत झाली असे म्हणणे रास्त ठरेल. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती खलाशांनी आणि आचाऱ्यांनी धोबीतलाव परिसरात गावोगावचे ‘कूड’ (एका गावच्या माणसांची राहण्याची ठिकाणे) काढून आपली सोय केली, तीही याच गरजेतून.

हिशोबाची रीत मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळे ओझे तिथे होते. गिरणीचा पगार महिन्याचा, आणि तोही पुढच्या महिन्याच्या 10 ते 15 तारखेच्या दरम्यान हाती पडे. म्हणजे नवा कामगार पहिला पगार पाहण्याआधी महिना-दीड महिना उधारीवर जेवलेला असे. ही उधारी देणारी बाई स्वतः वाण्याकडून धान्य, तेल, मिरची उधार आणी. वाणी उधारीच्या मालाला चढा भाव लावी. वेळ आली की दागिने गहाण पडत किंवा पठाण सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढावे लागत. महिन्याच्या मेंबराने, म्हणजे बांधलेल्या गिऱ्हाइकाने, गावाला जाताना आधी सांगितले तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरला जाई. न सांगता गेला तर शिजवलेले वाया जाई आणि वाद होई. एखादा मेंबर पैसे बुडवून गावी निघून गेला, तर त्याच्या गाववाल्यांकडे तगादा लावण्यापलीकडे बाईकडे इलाज नसे. गिरणीमालक मजुरी उशिरा देत होता, आणि त्या उशिराचा भार शेवटी या चुलीवर येत होता. कापडधंद्याच्या इतिहासात या भांडवलाची नोंद क्वचितच होते.

संप आला की हा ताण टोकाला जाई. 1928 चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने चालला आणि दीड लाखाच्या आसपास कामगार त्यात होते. पगार नाही, तरी माणसे जेवणार. पुष्कळजण गावी परतले. जे मागे राहिले त्यांना खाणावळींनी उधारीवर जगवले. संप किती दिवस टिकेल हे युनियनच्या सभांत ठरे तसे खाणावळवालीच्या पिठाच्या डब्यातही ठरे, आणि पुढाऱ्यांना याची जाण होती.

याच काळात पांढरपेशा मराठी माणसाची खाणावळ वेगळ्या वळणाने वाढली. गिरगाव, दादर आणि पुण्याच्या पेठांत कारकून, शिक्षक, विद्यार्थी यांच्यासाठी बोर्डिंगे निघाली. काही ठिकाणी राहण्याचीही सोय असे. लोकमान्य टिळक मुंबईत ज्या सरदारगृहात उतरत आणि जिथे 1 ऑगस्ट 1920 रोजी त्यांचे निधन झाले, ते क्रॉफर्ड मार्केटजवळचे असेच उतरण्याचे ठिकाण. दादरला मामा काणे यांचे स्वच्छ उपाहारगृह 1910 मध्ये सुरू झाले; ‘स्वच्छ’ हा शब्द पाटीवर मिरवावासा वाटला, यावरून बाहेरच्या खाण्याविषयी तेव्हा लोकांच्या मनात काय शंका होती ते कळते. पुण्यात मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर 1935 मध्ये पूना गेस्ट हाऊस काढले, आणि ते नट-लेखकांचे जेवणाचे ठिकाण झाले. टिळक रस्त्यावरचे बादशाही बोर्डिंग पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांचे आणि बिनबिऱ्हाडी नोकरदारांचे घर राहिले.

या बोर्डिंगांची शिस्त कडक असे. जेवणाच्या वेळा ठरलेल्या, वेळ टळली की दार बंद. ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि आमटी, मध्ये भाताची मूद आणि तिच्यावर साधे वरण, हा पंगतीतला वाढपाचा क्रम इथेही तसाच पाळला जाई. वाढपी पोळ्यांची चळत घेऊन फिरे आणि ज्याच्या ताटात पोळी संपत आली त्याला विचारल्याशिवाय वाढी. रविवारी दुपारी फीस्ट: श्रीखंड किंवा बासुंदी, मसालेभात, बटाट्याची भाजी, आणि त्या संध्याकाळी चूल बंद. भिंतीवर सूचनांची पाटी, गल्ल्यावर मालक. टेबलावर फूल नाही, जेवणाचे कार्ड नाही, कारण निवडायचे काहीच नव्हते. आज ज्याला साधेपणा म्हणून दाद मिळते तो मुळात रोजच्या गिऱ्हाइकाचा हिशोब होता. महिनाभर दोन वेळा जेवणाऱ्याला सजावटीचे पैसे परवडत नाहीत, आणि तेच तेच मसालेदार त्याला पचतही नाही. म्हणून तेल बेताचे, भाजी ऋतूची, चव घरची. गिरगावातल्या खोताच्या वाडीतले अनंताश्रम गोव्याच्या पद्धतीच्या माशांच्या जेवणासाठी याच साध्या थाटात अनेक दशके नावाजले गेले. आता ते बंद झाले आहे.

खाणावळीने जुनी बंधने सैल केली हे खरे, पण जात दारापाशी उभीच होती. ‘ब्राह्मणी खाणावळ’, ‘मराठा खाणावळ’ या पाट्या शाकाहार-मांसाहार सांगत तसे कोण कुणाशेजारी बसेल हेही सांगत. अस्पृश्य मानलेल्या माणसाला यांतल्या बहुतेक ठिकाणी प्रवेश नव्हता, किंवा त्याला बाहेर बसवून वेगळ्या कपात चहा ओतला जाई. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी छत्रपती शाहू महाराजांच्या पाठिंब्याने सत्यसुधारक हॉटेल काढले. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकत नाही हे कळल्यावर महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजू लागले. सुधारणेची भाषणे पुष्कळ झाली. एका पेल्याने जे साधले ते त्यांतल्या थोड्यांनी साधले. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांतील प्रवेश नावानिशी आला आणि 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने अडवणूक दंडनीय ठरवली. खेड्यांतला वेगळा कप त्यानंतरही बरीच वर्षे टिकला.

गिरणगावातल्या बायकांची नोंद सार्वजनिक जीवनात झाली ती 1975 मध्ये. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि गिरणगावात कामगार चळवळीत वावरणाऱ्या प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. 1973-74 च्या गिरणी संपात कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बाया स्वतः सावकाराच्या कचाट्यात कशा गेल्या, हे त्यांनी जवळून पाहिले होते. बँकांचे राष्ट्रीयीकरण 1969 मध्ये झाले होते; दुर्बळ घटकांना कर्ज द्यावे असे धोरणही होते; पण तारण नसलेल्या, सही करता न येणाऱ्या खाणावळवालीकडे कोणताही अधिकारी धंदेवाईक म्हणून पाहत नव्हता. मंडळाने त्यांचे गट बांधले, एकमेकींना जामीन ठेवून बँकेची कर्जे मिळवून दिली आणि वाण्याचे देणे फेडून रोखीने माल भरण्याची सवय लावली. रोखीने घेतलेल्या गोणीत आणि उधारीच्या गोणीत जो फरक असे, तोच बाईचा नफा ठरला. दादरला आणि पुढे वाशीला मंडळाची केंद्रे उभी राहिली. प्रेमाताईंना 2002 मध्ये पद्मश्री मिळाली.

तोवर गिरणगावच राहिले नव्हते. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. या वेळी उधारीला शेवट नव्हता. मेंबर गावी गेले ते परतले नाहीत, आणि वह्यांतल्या थकलेल्या रकमा तशाच राहिल्या. कामगारांच्या नुकसानीचा हिशोब पुढे संघटनांनी आणि न्यायालयांनी मांडला; खाणावळवालीच्या थकबाकीची दाद मागायला असे कोणतेच ठिकाण नव्हते. पुष्कळजणींनी घरकाम धरले, काहींनी पोळी-भाजी विक्री सुरू केली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या, आणि जिथे डबे जात त्या दरवाजांमागे मॉल व कचेऱ्यांचे मनोरे आले.

सरकारनेही खाणावळीचे ताट दोनदा उचलले. 1995 नंतर शिवसेना-भाजप युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर केंद्रे काढली; ती फार काळ टिकली नाहीत आणि बऱ्याच ठिकाणी त्या जागांवर इतर धंदे आले. 26 जानेवारी 2020 पासून शिवभोजन योजना सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात, दहा रुपयांत. कोविडच्या टाळेबंदीत हा दर पाच रुपयांवर आणला गेला, पुढे काही काळ थाळी मोफत होती. ज्यांना केंद्रे चालवायला दिली गेली त्यांत महिला बचतगट आणि छोट्या खाणावळीही होत्या.

आज महिन्याच्या हिशोबाची खाणावळ दाट आढळते ती पुण्याच्या पेठांत, जिथे राज्यभरातून स्पर्धा परीक्षांच्या तयारीला आलेली मुले-मुली कॉट बेसिसवर राहतात. तिला आता मेस म्हणतात, डबा मोटारसायकलवरून खोलीवर पोचतो आणि पैसे फोनवरून जमा होतात. दर मात्र अजून एक वेळ आणि दोन वेळ असेच सांगितले जातात, खाड्याचा नियम पहिल्याच दिवशी ठरवला जातो, आणि गावाकडून पैसे यायला उशीर झाला तर चार-आठ दिवस थांबायची बोलीही त्यातच होते.