ताजे खुर्दखत

कोपर स्टेशनाबाहेर एखाद्या इस्टेट एजंटाच्या दुकानात घटकाभर बसले, की 'रिन्यू' हे क्रियापद कानावर पडल्याशिवाय राहत नाही. ॲग्रीमेंट रिन्यू करायचे म्हणजे अकरा महिने संपले. भाडे थोडे वाढणार, पुन्हा नोंदणी, बहुधा पुन्हा दलाली. घर तेच, माणसे तीच, भिंतीवरची ओलही तीच. नवा होतो तो फक्त कागद.

या शब्दातला 'री' लॅटिन, 'न्यू' जर्मानिक. आणि हा 'न्यू' आपल्या 'नव'चा दूरचा भाऊबंद. पण मराठीत 'नव' सहसा वस्तूला चिकटतो. नवान्नाला भात खरोखरच नवा असतो, जीर्णोद्धारात देवळाचे दगड बदलतात. जुन्याचीच मुदत वाढवणे या अर्थाचे 'नूतनीकरण' अर्जावर छापलेले असते, तोंडात मात्र रुळलेले नाही. रेल्वेचा पाससुद्धा आपण 'काढतो'.

म्हणून कागद ताजा करून घेण्याची रीत इंग्रजांबरोबर आली, असे समजायचे कारण नाही. ती आपल्याकडे त्याआधीपासून होती, आणि तिचा जाचही होता. १६३६ साली निजामशाही बुडाली आणि कल्याण प्रांत आदिलशाहीत गेला. १६५७ मध्ये शिवाजीराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, १६६१ मध्ये कल्याण मोगलांकडे गेले. पाव शतकात इतके धनी! राज्य पालटले, की इनामदार-वतनदाराने जुने कागद दाखवून नवे करून घ्यायचे आणि नजर भरायची, हे ठरलेलेच. धनी तोच असला तरी ठाण्यातला कारकून दरसाल नवा हुकूम मागू शके. या हुकमाला खुर्दखत म्हणत.

त्या काळच्या इनामपत्रांच्या शेवटी एक ठरीव कलम वारंवार भेटते. त्याचा आशय असा: दरसाल ताज्या खुर्दखताची हरकत घेऊ नये, नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल कागद इनामदाराला भोगवट्यासाठी परत द्यावा. मला हे कलम साऱ्या इनामपत्रात अधिक मोलाचे वाटते. जमीन देणाऱ्याला माहीत होते, की दिलेले दरवर्षी नव्याने मागावे लागले तर ते दिलेच नाही.

पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या ११ व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भोगवट्यालाही पुरावा विचारला गेला. अस्सल कागद वाळवीने खाल्ला असेल, तर तोंडी हकिकतीला फारसे वजन नव्हते.

आजच्या भाडेकरूपाशी असे कलम नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने करार लेखी आणि नोंदणीकृत असण्याची सक्ती केली, आणि ते योग्यच झाले. पण परवानगीवर दिलेल्या घराची मुदत संपली, की पुढची परवानगी मालकाच्या मर्जीवर. एजंट विचारतो, "रिन्यू करायचंय ना?" प्रश्न भाडेकरूला असतो, होकार मालकाचा लागतो. मुलाची शाळा जवळ आहे, अप्पर कोपरहून वसईची गाडी मिळते, एवढ्यासाठी तो आणखी अकरा महिन्यांच्या कागदावर अंगठा टेकवतो.