स्पोर्ट्स कारचा हिवाळा

उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोपात ऑक्टोबर-नोव्हेंबर लागला की स्पोर्ट्स कार धुऊन-पुसून गॅरेजमध्ये बंद होते, ती थेट मार्च-एप्रिलमध्ये बाहेर निघते. ही रीत जवळजवळ मोटारीइतकीच जुनी आहे, पण तिच्यामागचे कारण शंभर वर्षांत पार उलटले. पूर्वी हिवाळ्यापुढे गाडीचे काही चालत नसे, म्हणून ती ठेवून द्यावी लागे. आजची गाडी हिवाळ्यात उत्तम चालते, पण रस्त्यावरचे मीठ तिला कुरतडते, म्हणून तिला आत ठेवतात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्या बहुतेक उघड्याच असत. वर कापडी टप, बाजूंनी सगळे मोकळे. १९१९ मध्येसुद्धा अमेरिकेत दहांतल्या नऊ गाड्या अशा होत्या. रस्त्यांवरचा बर्फही सगळीकडे काढला जात नसे. न्यू इंग्लंडमध्ये तर घोड्यांच्या घसरगाड्या नीट चालाव्यात म्हणून तो लाकडी रूळ फिरवून दाबून टाकत. अशा रस्त्यावर मोटारीची अरुंद चाके रुतून बसत. त्यातच इंजिन थंड राखायला साधे पाणी वापरले जाई. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि ओतीव लोखंड तेवढा ताण सोसत नाही. पाणी काढायचे विसरले, तर एका रात्रीत इंजिन तडकत असे. पावसाळा तोंडावर आला की कोकणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, तसाच हा मोसम संपल्याचा व्यवहार होता.

गाडी ठेवण्याचे काम मोठ्या निगुतीने चाले. गाडी जॅकने उचलून आसांखाली लाकडी ठोकळे सरकवायचे, म्हणजे टायरवर भार राहत नाही. त्या काळचे टायर नैसर्गिक रबराचे, आत सुती कापडाचे थर असलेले असत. ते उजेडात आणि ओलीत लवकर कुजत, म्हणून काळजीवाहू मालक ते काढून अंधाऱ्या, कोरड्या खोलीत ठेवत. रेडिएटर, पंप आणि नळ्यांच्या खोलगट वळणांत राहिलेले पाणी थेंबाथेंबाने निथळून घ्यावे लागे. अनेक गाड्यांच्या क्लचवर चामडे मढवलेले असे. ते वाळून कडक होऊ नये म्हणून त्याला तेल पाजत.

१९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि बॅटरीची जपणूक हे एक नवे काम वाढले. पूर्ण भारलेल्या बॅटरीतले आम्ल शून्याखाली ५० अंशांतही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र जवळपास पाणीच उरते आणि ती साध्या थंडीतही गोठून फुटते. त्यामुळे बॅटरी काढून हिवाळाभर सर्व्हिस स्टेशनवर ठेवायला देत, आणि तिथे ती अधूनमधून भारली जाई.

१९२० च्या दशकात ही रीत मोडीत निघू लागली. बंद टपाच्या गाड्या स्वस्त झाल्या आणि दशक संपेपर्यंत त्याच बहुसंख्य झाल्या. १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ हे इथिलीन ग्लायकॉलचे शीतरोधक बाजारात आले. आधी वापरले जाणारे अल्कोहोल उडून जाई, हे टिकत असे. बर्फ ढकलणारी यंत्रेही रस्त्यांवर फिरू लागली. आता रोजच्या गाडीला हिवाळ्याची सुट्टी उरली नाही. राहिली ती कापडी टपाच्या दोन आसनी हौशी गाड्यांना.

गाड्या दीर्घकाळ उभ्या ठेवण्याचा मोठा अनुभव ब्रिटनला दुसऱ्या महायुद्धात आला. सप्टेंबर १९३९ मध्ये पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले आणि १९४२ च्या उन्हाळ्यात खासगी गाड्यांचा मूळ कोटाही बंद झाला. असंख्य गाड्या काही वर्षे ठोकळ्यांवरच राहिल्या. चालण्याने गाडी झिजते हे सगळ्यांना ठाऊक होतेच. उभी राहिल्यानेही ती बिघडते, पिस्टन अडकतात, ब्रेक धरतात, पेट्रोलचा चिकट डिंक होतो, हे या काळाने घरोघरी शिकवले.

हिवाळी साठवणुकीच्या आजच्या रूपाचा उगम मात्र मिठात आहे. १९३८ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ते तिथले धोरणच झाले. त्या हिवाळ्यात देशभरच्या महामार्गांवर सुमारे ५,००० टन मीठ पडले. युद्धानंतर रस्ता हिवाळाभर काळा, मोकळा दिसला पाहिजे अशी लोकांची अपेक्षा झाली आणि मिठाचा वापर लाखो टनांवर गेला.

मीठ दुहेरी नुकसान करते. खारे पाणी वीज सहज वाहू देते, त्यामुळे गंजण्याची रासायनिक क्रिया वेग घेते. शिवाय ते शून्याखालीही द्रव राहते आणि वाळले तरी दमट हवेतून पुन्हा ओल ओढते. म्हणूनच मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये ठेवली, तर थंडीत उभ्या गाडीपेक्षा जोमाने गंजते. नेमक्या याच काळात गाड्यांची घडणही बदलत होती. जाड सांगाड्यावर बसवलेल्या वेगळ्या बॉडीऐवजी पातळ पत्रा वाकवून, ठिपक्याठिपक्यांनी वेल्ड करून पोकळ पेट्या बनू लागल्या. १९६१ ची जॅग्वार ई-टाइप आणि १९६२ ची एमजीबी या सुंदर गाड्या आतूनच कुजत. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत खारट चिखल साचे, आणि बाहेर रंगावर पहिला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा चाळण झालेला असे. १९५३ च्या कॉर्व्हेटची बॉडी फायबरग्लासची असली, तरी खालचा सांगाडा पोलादाचाच होता. पोर्शेने १९७६ च्या मॉडेलपासून ९११ च्या पत्र्यावर जस्ताचा मुलामा देऊन गंजाविरुद्ध सहा वर्षांची हमी दिली. हे पाऊल खरोखर मोलाचे होते. तरीही पोर्शेवाल्यांनी गाडी आत ठेवणे सोडले नाही.

आजची तयारी या साऱ्या अनुभवांतून घडली आहे आणि तिचा मुख्य शत्रू ओल आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की लोखंड झपाट्याने गंजू लागते. मुंबई-कोकणातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांना हा आकडा पावसाळ्यात महिनोन्‌महिने ओलांडलेला दिसतो. म्हणून गाडी खालून धुऊन पूर्ण सुकवतात आणि हवा खेळेल असे कापडी आवरण घालतात, प्लास्टिकचे नव्हे. इंजिन ऑइल ठेवण्याआधीच बदलतात, कारण वापरलेल्या तेलात आम्ले आणि पाणी असते. पोलादी टाकी काठोकाठ भरतात, म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. हँडब्रेक ओढत नाहीत, नाहीतर ब्रेक पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना उटी लावतात. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराड्याच्या नळीचे तोंड बंद करतात आणि विसर पडू नये म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधतात.

अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालू करण्याची सवय मात्र घातकच म्हणावी लागेल. एक लिटर पेट्रोल जळताना सुमारे एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले नाही, तर त्यातले काही पाणी तेलात आणि धुराड्यात मुरते. बॅटरीला मंद चार्जर जोडून ठेवला की असे इंजिन चालवण्याची गरजच पडत नाही.

या रीतीला कायद्यानेही जागा दिली. जर्मनीत १ मार्च १९९७ पासून मोसमी नंबरप्लेट मिळू लागली. प्लेटच्या उजव्या कडेला एकाखाली एक दोन आकडे असतात. ०४ वर आणि १० खाली असेल, तर गाडी एप्रिल ते ऑक्टोबर चालणार. कर तेवढ्याच महिन्यांचा बसतो, आणि उरलेल्या काळात गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. ब्रिटनमध्ये १९९८ पासून गाडी रस्त्यावर आणणार नसल्याची नोंद सरकारकडे करावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये एकच प्लेट दोन गाड्यांना आलटून पालटून लावण्याची सोय आहे.

वसंतात प्लेटवरचा महिना सुरू झाला, तरी जाणते मालक एक-दोन जोरदार पाऊस मीठ धुऊन नेईपर्यंत थांबतात. मग टायरांतली हवा, ब्रेकचे तेल आणि खाली कुठे गळती आहे का ते तपासतात. डिस्कवरचा तांबूस थर पहिल्या काही किलोमीटरांत हलके ब्रेक लावताच निघून जातो. उभे राहून थोडे चपटे झालेले टायरही गरम झाल्यावर बहुधा पुन्हा गोल होतात.