शिवणयंत्राचे लाकडी कॅबिनेट : एक दुर्लक्षित ऐतिहासिक साधन

शिवणयंत्राचा इतिहास प्रायः सुई, धोटा आणि पेटंटांचे खटले यांच्या अंगाने लिहिला जातो. पायाने चालणारे यंत्र ज्या लाकडी कॅबिनेटमध्ये बसविलेले असे, ते मात्र केवळ फर्निचर म्हणून बाजूला पडते. कारखान्यासाठी घडलेले यंत्र घरात कसे स्वीकारले गेले, याचा पुरावा प्रस्तुत लेखकाच्या मते याच लाकूडकामात आहे.

एलियस होवे यांना १८४६ मध्ये आणि आयझॅक मेरिट सिंगर यांना १२ ऑगस्ट १८५१ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले. सिंगर यांचे आरंभीचे यंत्र वजनदार होते व मुख्यतः शिवणाच्या कारखान्यांत वापरले जाई. ज्या लाकडी खोक्यातून ते पाठविले जाई, तेच खोके त्याची बैठक होत असे. असे खोके दिवाणखान्यात कोण ठेवणार?

किमतीची अडचण सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी १८५६ मध्ये हप्तेबंदीची पद्धत आणून सोडविली. प्रतिष्ठेची अडचण सुतारकामाने सोडविली. इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथे, अक्रोड व ओकच्या लाकडाची विपुलता पाहून, कंपनीने १८६८ मध्ये खास कॅबिनेटसाठी कारखाना काढला; लेटन पाइन हे त्याचे व्यवस्थापक होते. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवून व वाकवून तेथे गोलसर झाकणे तयार होत. पुढे यंत्र बिजागरीवर खाली उतरवून वर फळी मिटता येईल अशी रचना रूढ झाली. काम संपले की यंत्र दिसेनासे होई आणि उरे ते एक सभ्य मेज.

या संदर्भात महात्मा गांधींचे १९२४ मधील विवेचन लक्षणीय आहे. यंत्रांवर टीका करताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला आणि पत्नीचे कष्ट पाहून सिंगर यांनी ते शोधल्याची कथा सांगितली. वस्तुतः सिंगर हे नट व यांत्रिक कारागीर. बोस्टन येथे ऑर्सन फेल्प्स यांच्या कारखान्यात दुसऱ्यांची यंत्रे पाहून त्यांनी आपली रचना केली, आणि प्रेरणा उघडपणे अर्थार्जनाची होती. कथा खरी नसली तरी तिचे कार्य कॅबिनेटसारखेच आहे : दोन्ही यंत्राला घरगुती रूप देतात.

भारतात चित्र वेगळे दिसते. दुकानाच्या दर्शनी भागी बसणाऱ्या शिंप्याला यंत्र लपविण्याचे कारण नव्हते. उलट ते दिसणे हीच त्याची जाहिरात होती. म्हणून येथे लोखंडी पायांवरील उघडे मेजच अधिक परिचित राहिले.

अशा वस्तूंची नोंद करताना एक दक्षता आवश्यक आहे. यंत्राच्या क्रमांकावरून फक्त यंत्राचा काळ ठरतो, कॅबिनेटचा नव्हे. पुष्कळदा जुने यंत्र नव्या मेजावर चढविलेले आढळते. पट्टीवर कोरलेल्या पेटंटच्या तारखाही निर्मितीचे वर्ष दर्शवीत नाहीत. संग्रहालयाच्या दप्तरात यंत्र, लाकूडकाम व लोखंडी पाय यांच्या स्वतंत्र नोंदी असाव्यात. हल्ली यंत्र काढून टाकून, त्याच नक्षीदार पायांवर फरशी बसवून मेजे केली जातात, त्यामुळे ही निकड वाढली आहे.