गरोदरपणात धूर : चूल, पाचट आणि बंबामुळे आईच्या रक्तातली साखर कशी बिघडते? काय काळजी घ्यायची?

अकलूज : ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटते, थंडीत सकाळी घरोघरी बंब पेटतो आणि चूल तर बारमाही आहेच. धुराने डोळे चुरचुरतात, खोकला येतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण पोटात बाळ असलेल्या बाईच्या रक्तातली साखर, चरबी आणि रक्तदाब यांच्यावरही या धुराचा परिणाम होतो, हे घरात फारसं कुणी बोलत नाही. माळशिरस तालुक्यातल्या गरोदर महिला आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती.

चयापचय म्हणजे काय?

आपण भाकरी खातो, तिची शरीरात साखर होते. ती साखर रक्तातून सगळीकडे जाते, काही वापरली जाते, उरलेली चरबी म्हणून साठते. या सगळ्या कारभाराला चयापचय म्हणतात. रक्तातली साखर पेशींच्या आत नेण्याचं काम इन्सुलिन करतं.

गरोदरपणात हा कारभार मुद्दाम बदलतो. पहिल्या काही महिन्यांत आईचं शरीर चरबी साठवतं. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वारेतून, म्हणजे बाळाच्या नाळेकडच्या भागातून, असे हार्मोन निघतात की आईच्या शरीरावर इन्सुलिनचा जोर कमी चालतो. त्यामुळे साखर रक्तात जास्त वेळ राहते आणि बाळाला मिळते. ही निसर्गाचीच सोय आहे. त्याची भरपाई म्हणून आईचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन तयार करतं. ज्या बाईला तेवढं जमत नाही, तिची साखर वाढते. यालाच गरोदरपणातला मधुमेह म्हणतात.

धूर इथे काय करतो?

धुरातले सगळ्यात त्रासदायक कण म्हणजे पीएम २.५. ते माणसाच्या केसाच्या विसाव्या हिश्शाएवढे बारीक असतात. नाकातले केस, तोंडावरचा पदर यांना ते अडत नाहीत, थेट फुप्फुसात खोल जातात. तिथे शरीर त्यांच्याशी झगडायला लागतं आणि सूज आणणारी रसायनं रक्तात सोडतं. ही सूज बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळे इन्सुलिनचं काम आणखी अवघड होतं. गरोदरपणात आधीच इन्सुलिनवर ताण असतो, त्यात ही भर पडते. रक्तवाहिन्यांनाही त्रास होतो आणि रक्तदाब वाढण्याचा धोका वाढतो.

दुसरा शत्रू कार्बन मोनॉक्साइड. याला वास नाही, रंग नाही. लाकूड, गोवऱ्या, कोळसा अर्धवट जळला की तो तयार होतो. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन असतं, त्यालाच हा वायू चिकटतो. पोटातल्या बाळाच्या रक्ताला तर आईपेक्षा घट्ट चिकटतो. आईला आधीच रक्त कमी असेल, तर बाळाला मिळणारा प्राणवायू आणखी घटतो.

कण वारेपर्यंत पोचतात का? बेल्जियममधल्या हॅसेल्ट विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली वारेमध्ये, तेही बाळाकडच्या बाजूला, काजळीचे कण सापडल्याचं दाखवून दिलं.

अभ्यास काय सांगतात?

वेगवेगळ्या देशांतल्या अनेक अभ्यासांत असं दिसलं, की जिथे हवेत पीएम २.५ जास्त, तिथे गरोदरपणातला मधुमेह जास्त आढळतो. विशेषतः चौथ्या ते सहाव्या महिन्यातली हवा महत्त्वाची ठरते. सगळ्या अभ्यासांचे आकडे सारखे नाहीत. वय, वजन, घरात मधुमेह असणं ही कारणं धुराइतकीच, किंबहुना जास्त मोठी आहेत. धूर त्यांच्यात भर घालतो.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकाराने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी सुमारे २.७ किलोची, दिसायला बारीक होती. पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त होती. म्हणजे आपल्याकडे बारीक शरीर असलं तरी मधुमेहाचा कल जन्मापासून असू शकतो. ‘ती तर काडीसारखी आहे, तिला कसली साखर?’ असं म्हणून तपासणी टाळू नये.

गॅस आणला की सगळं मिटलं, असंही नाही. तामिळनाडूसह भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत मिळून ३,२०० गरोदर महिलांचा मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना मोफत गॅस दिला. त्यांच्या श्वासातले कण सुमारे २४ मायक्रोग्रॅम होते, तर चुलीवरच स्वयंपाक करणाऱ्या बाकीच्या महिलांच्या श्वासातले सुमारे ७०. तरी २०२२ साली आलेल्या निकालात बाळाच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नाही. या महिलांना गॅस मिळाला तेव्हा गरोदरपणाचे दोन ते साडेचार महिने उलटले होते. त्यामुळे गॅसचा वापर दिवस राहण्याआधीच सुरू झालेला बरा, आणि त्याच्या जोडीला आहार, लोहाच्या गोळ्या आणि तपासणीही हवीच.

किती हवा चांगली?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे पीएम २.५ चं वर्षाचं सरासरी प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको. भारताची मर्यादा ४० आहे. बंद खोलीत पेटत्या चुलीपुढे हाच आकडा कित्येक शेकड्यांत जातो.

आपल्याकडे धूर कुठून येतो?

अकलूज, माळीनगर, श्रीपूर हा साखर कारखान्यांचा पट्टा. हंगाम आणि थंडी एकाच वेळी येतात. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते, त्यामुळे धूर वर न जाता गावावरच बसतो. त्यात पाचट, वीटभट्टी, गुऱ्हाळ, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा धूर आणि धुरळा, प्लास्टिकसकट पेटवलेला कचरा.

सगळ्यात जास्त झळ बसते ती ऊसतोड कामगार महिलांना. कोपीत तीन दगडांची चूल, पहाटे उठून स्वयंपाक, मग दिवसभर फडात काम. गरोदर असली तरी सुटका नाही. त्यांचं गाव दुसरं असलं तरी तपासणी इथल्या सरकारी दवाखान्यात होते. माता-बाल संरक्षण कार्ड जवळ असावं. मुकादम आणि शेतकऱ्यांनी अशा महिलेची आशाताईंशी गाठ घालून द्यावी.

घरात काय करता येईल?

• गॅस असेल तर गरोदर बाईच्या वाट्याचा स्वयंपाक गॅसवरच. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, शेगड्या बऱ्याच घरांत पोचल्या. पण सिलिंडर जपून वापरायचा म्हणून भाकरी, पाणी, डाळ चुलीवरच होते. निदान हे नऊ महिने तरी हिशोब उलटा करा.
• चूल टाळता येत नसेल तर ती अंगणात किंवा पडवीत मांडा. लाकूड वाळलेलं वापरा. प्लास्टिक, रॉकेल चुलीत घालू नका.
• चूल फुंकणं, बंब पेटवणं हे काम नवऱ्याने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणी करावं.
• थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. डोकं दुखणं, गरगरणं, उलटी वाटणं ही कार्बन मोनॉक्साइडची खूण असू शकते. लगेच मोकळ्या हवेत या.
• बाळंतिणीला आणि बाळाला बंद खोलीत शेक-शेगडी, धुरी देऊ नका. ऊब हवी तर गरम कपडे पुरतात.
• मिसरी बंद. ती भाजताना धूर होतो आणि लावताना तंबाखूचं विष रक्तात जातं. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढू नये.
• शेजारच्या फडात पाचट पेटणार असेल तर त्या दिवशी दारं-खिडक्या लावून आत थांबा.

पाचट न जाळता

हेक्टरी साधारण ८ ते १० टन पाचट निघते. ती सरीत पसरून दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत टाकलं तर ती रानातच कुजते. पाणी वाचतं, तण कमी होतं, जमिनीला खत मिळतं. पेटवली तर हे सगळं धुरात जातं.

साखरेची तपासणी कशी होते?

सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत आहे. उपाशी असण्याची गरज नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायचं आणि दोन तासांनी रक्त तपासायचं. साखर १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. ही तपासणी दोनदा करावी : पहिल्यांदा दवाखान्यात नाव नोंदवताना आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान. पहिली बरोबर आली म्हणून दुसरी चुकवू नका, कारण इन्सुलिनवरचा ताण तेव्हाच वाढलेला असतो.

साखर वाढली तरी घाबरू नका. बहुतेक जणींना आहार आणि चालण्याने आराम पडतो. काहींना गोळ्या किंवा इन्सुलिन लागतं. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी करा, कारण अशा महिलांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा साधारण सात ते दहा पट असतो.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात चौथ्या महिन्यापासून पुढच्या महिलांची सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, धाप लागणं, फार तहान आणि वारंवार लघवी, बाळाची हालचाल कमी होणं, यापैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. वाहन नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करा.

धूर बाईच्या वाट्याला येतो, पण सिलिंडर भरायचा की नाही, चूल कुठे मांडायची, पाचट पेटवायची की कुजवायची हे बहुतेक घरांत ती एकटी ठरवत नाही. म्हणून ही बातमी सासूबाईंनाही वाचून दाखवा आणि घरच्या कारभाऱ्यालाही पाठवा.