चरखा, पेटी आणि सिम्युला

वर्ध्याच्या मगन संग्रहालयात (स्थापना १९३८) तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. सूत सगळेच कातणार, पण येरवडा चरखा मिटवून पेटीसारखा उचलताही येतो. म्हणजे ‘चरखा’ हा क्लास, ‘पेटी चरखा’ त्याचा सबक्लास!

आता प्रॉपर्टीचा टाइप ‘चरखा’ ठेवा आणि तिच्यात पेटी चरखा घाला. ‘कात’ चालेल, ‘मीट’ म्हटलं की कंपायलर अडवणार. का? उद्या तिथे उभा चरखा आला, तर तो मिटणार कसा?

ओस्लोच्या डाल आणि निगार्ड यांनी सिम्युला ६७ मध्ये ही शिस्त आणली. ‘हा पेटी चरखाच आहे’ असं सांगायला ‘क्वा’ही दिलं, दावा खोटा निघाला तर चालता प्रोग्रॅम थांबतो. तेव्हा मंडळी, कास्ट जपून करा. कंपायलर ऑफिसातच अडवतो, खोटा कास्ट क्लायंटकडे फुटतो.