बोलणारा, ऐकणारा आणि उतरवून घेणारा

देवपुरात या विषयावर बोलायला बोलावलंत. विषय दिलाय ‘पॉडकास्ट आणि विचारवंतांशी गप्पा’. मी इतिहासाचा माणूस, त्यामुळे नव्या गोष्टीत जुनं शोधायची खोड आहे. ती आज मोकळी सोडतो.

पॉडकास्टचा स्वतःचा इतिहास तसा छोटा. २००३ साली बोस्टनचा रेडिओ पत्रकार ख्रिस्तोफर लायडन याने इंटरनेटवर लिहिणाऱ्या, विचार करणाऱ्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या. त्या फाइली श्रोत्याच्या संगणकावर आपोआप पोचाव्यात अशी सोय डेव्ह वायनर या प्रोग्रामरने केली होती. ‘पॉडकास्ट’ हा शब्द आला पुढच्या वर्षी. शिक्षण कसं मोकळं करावं, नव्या कल्पना बंद दाराआड का राहू नयेत, अशाच विषयांवर तेव्हापासून हजारो तास बोलणं साठलंय. माझा मुद्दा वेगळा आहे. बोलणं साठलं म्हणजे ते लोकांचं झालं का?

आपल्याकडे व्याख्यानाची हौस जुनी. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती १८७५ साली. त्याच वर्षी स्वामी दयानंद पुण्यात आले आणि त्यांनी व्याख्यानं दिली. ते बोलले हिंदीत. ऐकणाऱ्यांनी टिपून घेतलं मराठीत. त्यातली पंधरा व्याख्यानं छापली गेली म्हणून आज आपल्याला माहीत आहेत, आणि हिंदीत जे पुस्तक वाचलं जातं ते मराठीवरून परत हिंदीत आणलेलं! म्हणजे स्वामीजींचे शब्द त्यांच्याच भाषेत पोचले ते मराठी माणसाच्या हातून फिरून. बाकीची व्याख्यानं कुठे गेली? हवेत.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९३२. सविनय कायदेभंगाची दुसरी फेरी चालू आहे आणि धुळ्याचा तुरुंग राजबंद्यांनी भरलाय. त्यांत विनोबा भावे आहेत. गीतेचं समश्लोकी मराठी रूपांतर, ‘गीताई’, त्यांनी वर्षभर आधीच पुरं केलंय. सोबतचे बंदी म्हणतात, गीतेवर आमच्याशी बोला. २१ फेब्रुवारीला पहिलं प्रवचन होतं, १९ जूनला शेवटचं. दर रविवारी एक, एका अध्यायाला एक. कॅलेंडर काढून मोजा, बरोबर अठरा रविवार भरतात. एकही चुकलेला नाही. हल्लीच्या कुठल्या पॉडकास्टवाल्याला विचारा, अठरा आठवडे न चुकवता भाग टाकणं काय असतं ते!

समोर बसलेले कोण, तर जमनालाल बजाजांसारखा उद्योगपती आणि खेड्यापाड्यातून आलेले साधे सत्याग्रही. म्हणून उदाहरणंही घरची, शेतातली. यंत्र नाही, फीत नाही. ऐकणाऱ्यांत एक शिक्षक होता, तो लिहून घेत होता. पांडुरंग सदाशिव साने.

साने गुरुजींनाच हे का जमलं? इथे जरा थांबतो, कारण हा भाग सहसा सांगितला जात नाही. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते आणि वसतिगृह सांभाळत होते. तिथे ते मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढत: ‘छात्रालय’. रोज! सकाळी मुलांनी उठून वाचायचं. वर्गात जे मावत नाही ते कागदावर उतरवायचं, आणि समोरच्या पोराला कळेल अशा मराठीत. अमळनेरच्या त्या खोलीत हाताला जे वळण लागलं, ते धुळ्याच्या तुरुंगात उपयोगी पडलं, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तीही ‘रात्र पहिली, रात्र दुसरी’ अशी, म्हणजे सांगण्याच्याच घाटात.

‘गीता प्रवचने’ पुढे भारतातल्या बहुतेक भाषांत गेलं. भूदानाच्या पदयात्रेत विनोबा त्याच्या प्रतींवर सह्या करून देत. पुस्तकावर नाव विनोबांचं, आणि ते योग्यच. पण विनोबांनी स्वतः लिहिलेला ‘मधुकर’ शेजारी ठेवून वाचा. तिथलं वाक्य घट्ट, गणिती. प्रवचनांत भाषा सैल होते, ओलावा येतो. हा फरक बोलण्या-लिहिण्यातला किती आणि साने गुरुजींच्या हाताचा किती? माझं मत, हाताचाही बराच आहे.

मग हा मजकूर कुणाचा? कायद्यालाही हा प्रश्न पडलाय. लॉर्ड रोझबेरी यांची भाषणं ‘टाइम्स’च्या वार्ताहरांनी शब्दशः टिपली होती, त्यावर इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९०० साली निकाल दिला, की त्या वृत्तांतावर स्वामित्व टिपणाऱ्याचंही असतं, त्यालाही कसब लागतं. आपल्या कायद्यात १९८३ साली दुरुस्ती झाली, तिच्यानुसार जाहीर भाषणाचा पहिला मालक बोलणारा. (तुरुंगातलं प्रवचन ‘जाहीर’ का, हे वकिलांनी बघावं!) हिशेब करा: साने गुरुजी १९५० साली गेले, साठ वर्षांची मुदत संपून त्यांची पुस्तकं २०११ पासून सर्वांना खुली झाली. विनोबा गेले १९८२ साली, म्हणजे त्यांचं साहित्य खुलं होईल २०४३ साली. ‘श्यामची आई’ आज कुणीही छापावी, पण त्याच हाताने उतरवलेल्या प्रवचनांना अजून थांबायचंय.

खानदेशातलंच आणखी एक उदाहरण, आणि हे जास्त जिव्हारी लागणारं. असोद्याची लेक, जळगावची सून बहिणाबाई चौधरी. अक्षरओळख नाही. जात्यावर, शेतात काम करताना गाणी सुचत आणि ती म्हणत. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती जमतील तशी लिहून घेतली. डिसेंबर १९५१ मध्ये त्या गेल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, १९५२ साली पुस्तक आलं. महाराष्ट्राला कवयित्री कळली ती तिच्या मृत्यूनंतर. पण ज्या दिवशी लिहून घेणारा शेतात नव्हता, त्या दिवशीची गाणी? ती पिकासोबत गेली.

आणि म्हणून मला आजच्या ध्वनिफितींची काळजी वाटते. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. आपली अहिराणी बोलणारी म्हातारी माणसं कुणी ना कुणी ध्वनिमुद्रित करतंय, चांगलं आहे. पण दोन तासांच्या आवाजात एक शब्द शोधायचा तर दोन तास ऐकावं लागतं. मजकूर असेल तर क्षणात सापडतो, बहिऱ्या माणसालाही वाचता येतो, शिक्षकाला धड्यात घेता येतो. अहिराणी कानाला ओळखीची असलेला माणूस बसून ऐकेल, थांबवेल, लिहील, तेव्हा ते काम होईल. तासाभराच्या बोलण्याला त्याचे चार-पाच तास सहज जातात. या कामाला ना मानधन, ना व्यासपीठ. इथल्या कॉलेजांतल्या मराठीच्या मुलांना प्रकल्प म्हणून आजीची एक तासाची फीत शब्द न् शब्द उतरवायला द्या, आणि त्यावर मार्क द्या. आजीची परवानगी आधी घ्या, आणि मजकूर सर्वांना खुला ठेवा.

हे भाषणही कुणीतरी उतरवून घेणार आहे. त्यांना विनंती: माझी अडखळणं काढून टाका, पण खाली स्वतःचं नाव घाला.

आता प्रश्न घेऊ या.