विमानाच्या अंगावरील रेषा

मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या दक्षिण तीरावर भाईंदर वसलें आहे. रेल्वेचा पूल, मिठागरें आणि पलीकडे वसईचा किल्ला हें तेथील जुनें ओळखीचें चित्र. अहमदाबादेहून किनाऱ्याच्या धोरणानें येणाऱ्या वैमानिकानें ही खाडी ओलांडली कीं जुहू जवळ आलें असें समजावें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन, अहमदाबादमार्गें, जें लहानसें विमान जुहूस उतरविलें तें 'पस मॉथ' जातीचें होतें. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं तें टपाल बेल्लारीवरून मद्रासला पोंचविलें. हा इतिहास अनेकांनीं सांगितला आहे. परंतु त्याचा एक अध्याय विमानाच्या अंगावरच लिहिलेला असतो. आणि लाकडाच्या ठोकळ्यांतून स्वतःच्या हातानें प्रतिकृति घडविणाऱ्या कारागिराला तो अक्षरशः वाचावा लागतो.

'पस मॉथ'च्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा होता, पंखांचा लाकडाचा. आणि त्यांवर कापड ताणलेलें असे. त्या काळीं अशा कापडावर 'डोप' नांवाचें द्रावण फांशीत. तें वाळतांना कापड आवळून ढोलकीच्या पुडीसारखें ताठ होई. वरच्या हातांत ॲल्युमिनियमची पूड मिसळली म्हणजे कडक उन्हापासून कापडाचा बचाव होई. विमानाचा रुपेरी रंग हा मुळांत शृंगार नव्हता, तें चिलखत होतें. म्हणून या विमानाच्या प्रतिकृतीवर पत्र्याच्या सांध्यांच्या रेषा कोरावयाच्या त्या फक्त इंजिनावरील झांकणाभोंवतीं. पंखांवर रेषा नव्हेत, तर कापडाखालील फासळ्यांचे अगदीं पुसट उंचवटे दिसले पाहिजेत.

पुढें सोळा वर्षांत चित्र पालटलें. ८ जून १९४८ रोजीं एअर इंडिया इंटरनॅशनलचें 'मलबार प्रिन्सेस' हें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालें. हें 'कॉन्स्टेलेशन' जातीचें, चार इंजिनांचें, संपूर्ण धातूचें विमान. येथें पत्रा हें केवळ आवरण राहिलें नाहीं. तोच भार पेलूं लागला. पत्र्याशीं पत्रा भिडवून रिव्हेटांनीं जडवावयाचा, म्हणजे सांधे आलेच. आणि सांधे आले म्हणजे रेषा आल्या. कोठें पत्रा संपतो, कोठें तपासणीची झडप उघडते, हें त्या रेषा सांगतात. या दोन प्रतिकृति शेजारीं ठेवल्या कीं एक शब्दही न उच्चारतां विणकराचें युग संपून पत्रेकाऱ्याचें युग सुरू झाल्याचें कळून येतें.

रेषा कोरण्याचें काम मात्र संयमाचें आहे. लाकडावर सुई ओढली तर ती आंखलेल्या वाटेनें न जातां लाकडाच्या शिरेमागें धांवते. म्हणून आधीं शिरा बुजेपर्यंत सीलरचे हात देऊन, मधून मधून घांसून, पृष्ठभाग कांचेसारखा करावा लागतो. मग जाड चिकटपट्टीचा आधार घेऊन सुई अगदीं हलक्या हातानें पांचसहा वेळां फिरवावयाची. पहिल्याच वेळीं जोर केला कीं रेषा वांकडी गेलीच. वांकडी रेषा लांबी भरून बुजवावी व पुन्हां कोरावी. करड्या अस्तराचा हात दिल्यावर लपलेले दोष उघडे पडतात, आणि रुपेरी रंग तर एकही ओरखडा झांकीत नाहीं. रंगाचे हात पातळच हवेत. जाड थरानें कोरलेली रेषा बुजून जाते. शेवटीं पातळ केलेला काळपट रंग रेषेच्या टोंकाशीं टेंकवला कीं, वातींत तेल चढावें त्याच नियमानें, तो रेषाभर आपोआप ओढला जातो.

येथें एक प्रामाणिक कबुली आवश्यक आहे. खऱ्या विमानावरील २ मिलिमीटरची फट १:७२ या प्रमाणांत ०.०२८ मिलिमीटर होते. म्हणजे केसाहूनही बारीक. तेव्हां प्रतिकृतीवरील प्रत्येक दृश्य रेषा ही थोडीफार अतिशयोक्तीच होय. १९४२ सालीं अमेरिकेच्या नौदलानें शाळकरी मुलांकडून पांच लाख लांकडी प्रतिकृति मागविल्या, त्यांवर रेषांचा प्रश्नच नव्हता. त्यांना काळा रंग दिला जाई. कारण अर्ध्या मैलावरील विमान आपलें कीं शत्रूचें, हें आकृतीवरून ओळखण्यास शिकवावयाचें होतें. १:७२ ची प्रतिकृति सुमारें ११ मीटरांवरून पाहिली कीं ती तेवढ्याच दूरच्या विमानासारखी भासते. युद्धाला आकृति पुरते. स्मृतीला तपशील लागतो.

आणि तपशिलाबरोबर जबाबदारी येते. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनीं १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर विमान उडविलें, ही कथा महाराष्ट्रांत अभिमानानें सांगितली जाते. परंतु त्या यंत्राचें विश्वसनीय समकालीन रेखाचित्र वा छायाचित्र नाहीं. ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाशीं या कथेची सांगड घातली जाते, त्याची बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं छाननी केली. त्यांतील विमानें उडण्यास असमर्थ ठरलीं आणि ग्रंथही विसाव्या शतकांतला ठरला. अशा यंत्राच्या प्रतिकृतीवर सफाईनें रेषा व रिव्हेट कोरणारा हात कितीही कुशल असो, तो पाहणाऱ्याच्या मनांत नसलेला पुरावा निर्माण करतो. हौसेनें घडविलेली वस्तु पुढील पिढीला दस्तऐवज वाटूं लागते.

तळपदे यांच्या जिज्ञासेचा मान राखावयाचा तर त्यांच्या यंत्राचें अंग कोरेंच ठेवणें उचित. 'पस मॉथ'च्या पंखांवर रेषा न कोरणारा कारागीर आणि पुराव्यावांचून विधान न करणारा इतिहासकार, दोघेही एकच व्रत पाळीत असतात. सुई कोठें ओढावी हें दोघांनाही शिकतां येतें. ती कोठें उचलून धरावी, हें उमगण्यास मात्र उभा जन्म लागतो.